बुधवारची हलणी

कारवीवाडीत बुधवारी सकाळी कुणाच्याही घरात चूल पेटत नसे. टेकडीवरच्या चौकीतून भोंगा वाजला की बायका फळीवरची भांडी खाली उतरवत, विस्तवावर राख ओढत, गडीमाणसं गोठ्यातली जनावरं सोडत आणि सगळं गाव खालच्या खळ्यावर जाऊन बसे. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेत. घरात बाळंतीण असली तर तिच्या बाजेला चारी बाजूंनी वाकळा बांधून चौघे जण बाज उचलून आणत. मग सगळे भाकरीची गाठोडी सोडून बसत आणि जमीन हलायची वाट बघत.

जमीन हलायची. आधी कुत्री कान टवकारत, मग गावातले पत्रे थरथरत, मग खळ्यावर बसलेल्याला खालून कुणीतरी चटई ओढल्यासारखं वाटे. संपलं. थोड्या वेळाने दुसरा भोंगा होई, मोकळीकीचा, आणि लोक घरी जात. तो वाजेपर्यंत आभाळ कोसळलं तरी कुणी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. गुरुवारी बायका शेणमाती कालवून भिंतींच्या नव्या भेगा लिंपून घेत. पेरणी, मळणी, तशी ही हलणी. बाहेरच्या गावाहून आलेली नवी सून पहिल्या बुधवारी रडकुंडीला येई आणि पुढे वर्षभर तिची थट्टा चाले. सात वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की न्हावी आपली पेटी घेऊन खळ्यावरच येई आणि अर्ध्या गावाच्या सोयरिकी तिथेच जमत.

हे सगळं गावाला शिकवलं केतकीने. केतकी जाधव याच गावची लेक. भूभौतिकी शिकून, पुण्यात नोकरी करून ती परत आली ती टेकडीवरच्या भूकंपमापन चौकीची प्रमुख म्हणून. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण केतकीचं विकलं गेलं, कारण तिने गावाला गावाच्या भाषेत सांगितलं.

ती सांगायची ते असं. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे थरावर थर गोठलेला लाव्हा. त्याच्या खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट आहे आणि आपल्या खोऱ्याखाली त्या ग्रॅनाइटला उभा तडा गेलेला आहे. तड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकू पाहतात, खरखरीतपणामुळे अडकतात. अडकल्या की ताण साठतो आणि अडकलेलं एकदम सुटलं की भूकंप. आता या तड्यात पाणी मुरलं तर पाण्याच्या दाबाने दोन्ही बाजू केसभर विलग होतात, घर्षण कमी होतं आणि सरकणं सोपं होतं. धरणं बांधल्यावर काही खोऱ्यांत हादरे सुरू झाले ते यामुळेच. शेजारच्या खोऱ्यातल्या मोठ्या भूकंपात गावंच्या गावं गेली, तेव्हा शास्त्रज्ञांनी हाच विचार उलटा केला. पाण्याने जमीन हलते, तर आपणच खोल विंधनविहिरीतून मोजून पाणी सोडू आणि ताण थोडा थोडा काढून टाकू. एका मोठ्या भूकंपाची ताकद रिकामी करायला असे दीड हजारांवर बारके हादरे लागतात, म्हणून दर आठवड्याला एक, अशी तीस वर्षं.

लोकांनी पहिला प्रश्न विचारला होता, की बाई, हे असं आमच्या झोपेत झालं तर? केतकीने सभेत उभं राहून सांगितलं होतं, की भोंगा वाजल्याशिवाय जमीन हलणार नाही. हे वाक्य पुढे शाळेच्या भिंतीवर रंगवलं गेलं. पोरं ते पाढ्यासारखं म्हणत.

पौषातल्या त्या बुधवारी भोंगा वाजला, पाणी सोडलं गेलं, लोकांनी दुपारपर्यंत वाट बघितली आणि जमीन हललीच नाही. आदल्या बुधवारीही हलली नव्हती. पहिल्या खेपेला लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. या खेपेला ते खूश झाले. सरपंच बजाबा शिंगटे, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी तर नारळ फोडला. रोग बरा झाला, आता औषध बंद, असा त्यांचा हिशेब.

केतकीने मोकळीकीचा भोंगा दिला आणि चौकीत जाऊन आलेख उघडले. कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण उगाच म्हणतो. इथे ते खरोखरच मुरत होतं आणि कुठे मुरतंय ते तिला दिसत होतं.

तडा सरकत होता. आवाज न करता, धक्का न देता, गोगलगायीच्या पायाने. उत्तरेची बाजू सरकत होती, दक्षिणेचीही. सात वर्षांच्या हलण्यांनी तिथला खरखरीतपणा झिजून गेला होता. फक्त मधला एक पट्टा, घट्ट, सबंध, जिथे पाणी कधी शिरलंच नव्हतं, तो जागचा हलत नव्हता. दाराच्या फळ्या खिळखिळ्या झाल्या की सगळा रेटा एकट्या अडसरावर येतो, तसं झालं होतं. हलण्यांनी ताण काढून टाकला नव्हता. तो सगळीकडून गोळा करून त्या एका अडसरावर आणून ठेवला होता. आणि तो अडसर कारवीवाडीच्या बरोबर खाली होता.

 तिने पुण्याला आपले वरिष्ठ डॉ. टिळेकर यांना फोन लावला. माणूस वाईट नव्हता. तिने पाठवलेले आलेख त्यांनी दोनदा पाहिले. मग म्हणाले की तू म्हणतेस ते खरं असू शकतं, पण हे तुटणं आज होईल, महिन्याने होईल किंवा असंच हळूहळू सरकून विरेल, कुणी सांगावं? शुक्रवारी समिती बसेल. तोवर बुधवारखेरीज भोंगा वाजवायचा नाही, कारण लांडगा आला रे आला असं एकदा झालं, की खरी वेळ येईल तेव्हा माणसं बाहेर येणार नाहीत. केतकीला यातलं एकही वाक्य खोडता येईना, म्हणून तिला जास्तच हताश वाटलं.

गुरुवारी सकाळी ती आबांकडे गेली. दोन दिवस गाव खळ्यावर राहू दे म्हणाली. आबांनी तिला चहा पाजला आणि हसून भिंतीवरचं तिचंच वाक्य वाचून दाखवलं. भोंगा वाजव, आत्ता येतो, म्हणाले. भोंग्याबिगर कशाला थंडीत मरायचं? तिने ताण, अडसर, सगळं पुन्हा समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसरा चहा सांगितला.

मग ती घरी आली. घर म्हणजे मातीत रचलेल्या दगडाच्या भिंती, वर पत्रा. भिंतींवर इतक्या गुरुवारांचं लिंपण चढलं होतं, की आत दगड सुटे झालेत हे बाहेरून कळू नये. मधल्या खोलीत तिची वहिनी ललिता बाळंतीण होती. पोरीचं अजून बारसंही झालं नव्हतं. खोलीत शेगडी पेटलेली, दार लोटलेलं, ओव्याचा धूर. केतकीची आई, जनाई, नातीला मांडीवर घेऊन शेकत होती.

केतकीने आईला सांगितलं की सगळ्यांनी बाहेर पडायचं. आईने तिच्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

“ओल्या बाळंतिणीला वाऱ्यात बसवू व्हय? भोंगा वाजू दे, मग आणते की. तूच सांगत आलीस न्हवं, भोंग्याबिगर जिमीन हलत न्हाई म्हणून?”

केतकीचा थोरला भाऊ संपत, म्हणजे दादा, दारात उभा होता. तोही आईच्याच बाजूचा. केतकीला रडू आलं. सात वर्षं जे घासून घासून पक्कं केलं होतं, तेच आता भिंतीसारखं आडवं आलं होतं.

दुपारी ती चौकीत परतली तेव्हा अडसराच्या कडेने बारीक हादरे सुरू झाले होते. माणसाला न जाणवणारे, पण एकामागून एक. लाकूड मोडण्याआधी करकरतं तशी ती करकर होती. केतकीने टिळेकरांना फोन केला. ते बैठकीत होते. मग तिने भोंगा वाजवला.

गुरुवार असूनही गाव बाहेर आलं. कुरकुरत आलं, पण आलं. हातातली कामं तशीच टाकून बायका आल्या. ललिताची बाज वाकळांच्या आडोशाने आली. आबा काठी टेकत आले आणि म्हणाले की, कालची राहिलेली आज करणार वाटतं. केतकी खाली उतरून हो म्हणाली. गळ्यात तिने यंत्र अडकवलं होतं. त्यावर हादऱ्यांचे आकडे दिसत आणि भोंग्याचं बटणही त्यावरच होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती गावाशी खोटं बोलली होती. आज हलणी नव्हतीच. पाणी सोडलेलंच नव्हतं.

पुढचं सगळं एका गोष्टीवर होतं, दुसरा भोंगा न वाजवण्यावर. तो वाजेपर्यंत गाव आत जाणार नाही. किती वेळ जाणार नाही, हे मात्र कुणीच कधी बघितलं नव्हतं.

उन्हं कलली. पोरं भुकेने किरकिर करू लागली. पौषातला वारा खोऱ्यातून वर चढायला लागला की हाडात शिरतो. लोक केतकीकडे बघू लागले. आधी चेष्टेने, मग रागाने. टिळेकरांचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं की तू हे काय केलंस, आणि ताबडतोब मोकळीक दे म्हणाले. केतकीने फोन बंद करून ठेवला.

मग ललिताने हाक मारली. बाळाचे पाय गार पडले होते, ओठ निळसर दिसत होते. ते रडतही नव्हतं, नुसतं कण्हत होतं. केतकीने त्याची मूठ हातात घेतली. बटण तिच्या गळ्यात होतं. दाबलं की बाळ शेगडीपाशी जाणार होतं. आणि गाव भिंतींच्या आत.

जनाईने लेकीचा हात धरून तिला बाजूला नेलं. विचारलं, “खरं सांग केते. हलणी हाय का न्हाई?”

“नाही,” केतकी म्हणाली. “पण मोठा भूकंप होणार आहे, आई. कधी, ते मला माहीत नाही. मी खोटं सांगून सगळ्यांना बाहेर काढलंय.”

 म्हातारी लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी ताप आहे का नाही हे ती असंच नुसतं बघून ठरवायची. मग तिने पदर खोचला.

“मग तू भोंगा वाजवू नगंस. मी इस्तू घिऊन येते.”

केतकीने तिला अडवलं. मी जाते म्हणाली. जनाई म्हणाली की तू गेलीस आणि तुझ्यामागं सगळं गाव उठलं म्हंजे? लोकांना तर तिने निराळंच सांगितलं. कुणी जागचं उठायचं नाही, माझी लेक उगाच बसवत नाही, असा तिने दम भरला आणि उठू पाहणाऱ्या दोन पोरांना खाली बसवलं. आबांनाही बसवलं. गावातली निम्मी पोरं तिनेच न्हाऊमाखू घातलेली होती, तिच्यापुढे कुणाचं चालणार? आणि मग ती स्वतः गल्लीतून वर गेली. सात वर्षांत मोकळीकीआधी उंबरा ओलांडणारं पहिलं माणूस.

ती आली, घमेलंभर निखारे घेऊन. बाजेच्या आडोशाला घमेलं ठेवलं, फडक्याची घडी निखाऱ्यावर धरून बाळाचे तळवे शेकले. बराच वेळ काही झालं नाही. मग बाळाने पाय आखडले आणि टाहो फोडला. खळ्यावरच्या बायका हसल्या. केतकीला वाटलं, निभावलं.

पण एवढ्याने रात्र निघणार नव्हती. आकडे चढत होते, पडत होते, पुन्हा चढत होते. केतकी यंत्राकडे बघत असताना जनाई दुसऱ्यांदा गेली. वाकळा आणायच्या होत्या, पोत्यातला कोळसा आणायचा होता, इतर म्हातारी माणसंही कुडकुडत होती. केतकीने मान वर केली तेव्हा आईची पाठ गल्लीच्या वळणावर दिसली. तिने हाक मारली. आईने मागे न बघता हात हलवला, आलेच म्हणून.

दिवेलागणीला अडसर तुटला.

ती हलणी नव्हती. जमीन आधी वर आली, मग बाजूला गेली आणि मग कितीतरी वेळ तिला थांबायचं ठाऊकच नसावं तशी हलत राहिली. उभे असलेले आडवे झाले. वरची आळी, मधली आळी, शाळा, तिच्या भिंतीवरचं वाक्य, सगळं धुरळ्यात बसलं. पत्र्यांचा आवाज खोऱ्यात घुमत गेला. मग शांत झालं. खळ्यावर सगळं गाव होतं. बाळ, बाळंतीण, आबा, न्हावी, सगळे. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. एक जनाई नव्हती.

धुरळा खाली बसला आणि गाव, जसं दर बुधवारी बघे तसं, दुसऱ्या भोंग्याची वाट बघत केतकीकडे बघू लागलं.

तेवढ्यात आवाज आला. टण्. थोडं थांबून पुन्हा टण्. न्हाणीतला तांब्याचा हंडा. जनाई ढिगाऱ्याखाली होती, जिवंत होती आणि दगडाने हंडा वाजवत होती.

संपत धावला. केतकी त्याच्याआधी गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि हात पसरून उभी राहिली. यंत्रावर आकडे खाली आले नव्हते. अडसराचं एक टोक तुटलं होतं, दुसरं अजून धरून होतं. ते आता सुटणार, लवकरच सुटणार, हे तिला पाठ असलेल्या पाढ्यासारखं माहीत होतं. आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना निम्म्या भिंती अजून उभ्या होत्या. संपत गेला की त्याच्यामागे चाळीस जण जातील.

“दादा, भोंगा वाजलेला नाही.”

संपतने तिच्या गळ्यातल्या यंत्राकडे बघितलं. तो ओरडला नाही.

“वाजव की मग,” तो म्हणाला. “तुझ्याच हातात हाय.”

टण्. केतकीचा हात बटणावर गेला. दुपारी एक भोंगा खोटा वाजवून तिने गाव वाचवलं होतं. हा खोटा वाजवला तर तीच माणसं, तिच्यावर विश्वास ठेवून, त्या भिंतींखाली जाणार होती. तिने हात काढून घेतला. ती नाही म्हणाली. आई आहे ती, असं संपत म्हणाला. केतकी पुन्हा नाही म्हणाली. दादाने आपल्याला ढकलून द्यावं, थोबाडीत मारावी आणि जावं, असं तिला मनापासून वाटत होतं. तो तिच्यापेक्षा दुप्पट ताकदीचा होता. पण भोंगा वाजलेला नव्हता. तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, त्याच्यामागे चाळीस जण उभे राहिले आणि कुणीही पाऊल पुढे टाकलं नाही. इतकं पक्कं तिने शिकवलं होतं.

सगळं गाव तो हंडा ऐकत राहिलं. मधे मधे तो थांबे आणि लोक श्वास रोखत. मग पुन्हा वाजे. कुणीतरी बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. आबा मान खाली घालून बसले होते.

दुसरं टोक सुटलं तेव्हा गल्लीतल्या उरलेल्या भिंती दोन्हीकडून आत पडल्या, जिथे माणसं उभी राहून दगड उपसत असती, बरोबर तिथे. संपत तोल जाऊन गुडघ्यावर पडला. धुरळा त्यांच्या तोंडापर्यंत आला.

त्यानंतर हंडा वाजला नाही.

केतकीने आकडे बघितले. ते उतरत होते. तिने ते पुरते खाली येईपर्यंत वाट बघितली, कारण यायलाच हवी होती, आणि मग मोकळीकीचा भोंगा वाजवला. माणसं पहार, फावडी, जे हाताला लागेल ते घेऊन तिच्या दोन्ही बाजूंनी वर धावली. संपत तिच्या अंगावरून गेला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. पुढेही कधी बघितलं नाही.

तिलाही वर जायचं होतं. नखांनी ते दगड उकरायचे होते. पण तडा अजून पुरता निवलेला नव्हता, आकडे पुन्हा चढले तर माणसांना खाली बोलवायला भोंगा वाजवायला हवा होता आणि तो वाजवणारी ती एकटीच होती. ती खळ्यावर परत आली आणि यंत्र मांडीवर घेऊन बाजेशेजारी बसली.

वाकळेच्या आतून ललिताचा आवाज आला, “वन्सं, इस्तवावर राख चढाय लागलीया.”

केतकीने घमेलं जवळ ओढलं. वरून दगड हलवल्याचे, एकमेकांना सावकाश म्हणणारे आवाज येत होते. तिने आकड्यांवरची नजर न हलवता खाली वाकून आईने आणलेल्या निखाऱ्यांवर फुंकर घातली, आणि बाळ झोपलं तरी ती फुंकर घालत राहिली.